पॅकार्ड मोटार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाड्यांच्या रॅलीत हे नाव पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी, आणि एखादी पॅकार्ड विकत घ्यावी की नाही या विवंचनेत असलेल्यांसाठीही. उत्तरं कमीजास्त लांबीची आहेत. जिथे गुंता आहे तिथे जास्त थांबलो आहोत.

ही कॉम्प्युटरवाली पॅकार्डच का?

नाही. ह्यूलेट-पॅकार्डचे डेव्हिड पॅकार्ड वेगळे आणि रेडिओवाली पॅकार्ड बेलही वेगळी. मोटारवाले पॅकार्ड म्हणजे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या वॉरन गावचे दोघे भाऊ, जेम्स वॉर्ड आणि विल्यम डाउड. त्यांचा मूळ धंदा विजेचे दिवे आणि ट्रान्सफॉर्मर बनवण्याचा. तो धंदा पॅकार्ड इलेक्ट्रिक या नावाने स्वतंत्र राहिला, १९३२ मध्ये जनरल मोटर्सने घेतला आणि गाड्यांचं वायरिंग बनवत मोटार कंपनीपेक्षा कितीतरी वर्षं जास्त जगला. जुन्या अमेरिकी गाड्यांचं वायरिंग करणारे ज्याला ‘पॅकार्ड ५६’ टर्मिनल म्हणतात, ते या भावकीतलं.

मोटारी बनवायचं त्यांच्या डोक्यात कसं आलं?

जेम्स वॉर्डने १८९८ मध्ये विन्टन कंपनीची गाडी घेतली. तो लीहाय विद्यापीठातून शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर. गाडी वारंवार बंद पडायला लागली तेव्हा तो तक्रार घेऊन गेला, आणि ‘एवढं कळतं तर स्वतःच बनवा की’ असं अलेक्झांडर विन्टनने त्याला सुनावलं, अशी कथा सांगतात. संवाद कुणी लिहून ठेवलेला नाही, पण ६ नोव्हेंबर १८९९ रोजी पहिली पॅकार्ड वॉरनच्या रस्त्यावर धावली एवढं पक्कं. एका सिलिंडरची, बग्गीसारखी गाडी.

१९०२ मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री जॉय याने आणि त्याच्या धनिक मित्रांनी पैसा घातला, १९०३ मध्ये कंपनी डेट्रॉइटला आली. तिथे अल्बर्ट काहन या वास्तुरचनाकाराने ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर कारखाना उभा केला. त्यातली १९०५ ची दहा नंबरची इमारत सळई-काँक्रीटची. आधीच्या लाकडी गिरणीवजा कारखान्यांपेक्षा खांब लांब-लांब, खिडक्या मोठ्या, आगीची भीती कमी.

एवढं नाव कशामुळे झालं?

इंजिनामुळे. १९१५ मध्ये आलेली ‘ट्विन सिक्स’ ही मोठ्या संख्येने बनलेली जगातली पहिली बारा सिलिंडरची गाडी. ४२४ घन इंच, म्हणजे जवळपास ६.९ लिटर, आणि ताकद ८८ अश्वशक्ती. आकडा आज किरकोळ वाटेल, पण मुद्दा ताकदीचा नव्हताच. वरच्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने जाऊन तिथूनच धक्का न देता वेग घेता येणं, ही त्या काळची चैन होती. १९२१ मध्ये वॉरन हार्डिंग शपथविधीला घोडागाडीऐवजी मोटारीतून गेले, असे ते पहिलेच राष्ट्राध्यक्ष, आणि ती मोटार ट्विन सिक्सच होती. १९२३ पासून एका रांगेत आठ सिलिंडरचं इंजिन आणि चारही चाकांना ब्रेक आले.

जाहिरातीचं वाक्य १९०१ पासून एकच : ज्याच्याकडे आहे त्याला विचारा. आपल्याकडे ज्यांच्याकडे होती ते विचारण्याच्या टप्प्यातले नव्हते. संस्थानिक आणि बड्या पेढ्यांचे मालक आयात करून आणत. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये निघाला, आणि वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियरने पुढे क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या. पॅकार्डची अशी जोडणी इथे झाली नाही, म्हणूनही ती आपल्याकडे दुर्मीळ.

१९३५ मध्ये स्वस्त गाडी काढली आणि तिथेच नाव बुडालं, हे खरं का?

अर्धं खरं. मंदीने महाग गाड्यांचं गिऱ्हाईक संपवलं होतं. तेव्हा ‘वन ट्वेन्टी’ आली : किंमत हजार डॉलरच्या आसपास, आठ सिलिंडर, ११० अश्वशक्ती. हायड्रॉलिक ब्रेक आणि पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन या दोन गोष्टी तिला मिळाल्या तेव्हा खुद्द पॅकार्डच्या महाग गाड्यांत त्या नव्हत्या. त्यांना १९३७ पर्यंत थांबावं लागलं. पहिल्या वर्षी सुमारे २५ हजार गाड्या निघाल्या. १९३७ मध्ये सहा सिलिंडरची त्याहून स्वस्त गाडी आली आणि त्या मॉडेलवर्षाचं एकूण उत्पादन १ लाख २२ हजारांच्या घरात गेलं.

ही गाडी नसती तर पॅकार्ड १९३० च्या दशकातच पिअर्स-ॲरो या दुसऱ्या महाग गाड्यांच्या कंपनीसारखी संपली असती. चूक वेगळी होती. कॅडिलॅकने मध्यम किमतीची गाडी काढली तेव्हा तिला ‘लासाल’ असं वेगळं नाव दिलं. पॅकार्डने राजाच्या आणि कारकुनाच्या गाडीवर एकच नाव लावलं, आणि युद्धानंतर मंदी संपली तरी स्वस्त गाडीवरच भर ठेवला. तोवर कॅडिलॅक वरच्या पाटावर जाऊन बसली होती.

पहिली एसी गाडी पॅकार्डच ना?

कारखान्यातून एसी लावून मिळणारी पहिली गाडी, होय. १९४० चं मॉडेल. किंमत २७४ डॉलर जास्त. थंड हवेचं यंत्र मागच्या सीटमागे, डिकीची बरीच जागा खाणारं. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, म्हणजे इंजिन चालू तर कॉम्प्रेसर चालू. एसी नको असेल तर गाडी थांबवा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा. हिवाळाभर पट्टा घरी. १९४२ नंतर हा पर्याय बंद झाला.

लढाईत पॅकार्डने विमानाची इंजिनं बनवली होती का?

दोन्ही लढायांत. पहिल्या महायुद्धात जेसी व्हिन्सेंट या पॅकार्डच्या मुख्य इंजिनिअरने एल्बर्ट हॉलबरोबर ‘लिबर्टी’ इंजिनाचा आराखडा केला. दुसऱ्यात रोल्स-रॉइसचं मर्लिन. फोर्डने नकार दिल्यावर सप्टेंबर १९४० मध्ये ९,००० इंजिनांचा करार पॅकार्डशी झाला. इंजिनाचे ब्रिटिश आराखडे अमेरिकी कारखान्याला चालेनात, म्हणून ते पुन्हा काढावे लागले. आटे मात्र ब्रिटिशच ठेवले, कारण इंग्लंडमधल्या दुरुस्तीच्या तळावर तिथला पाना बसायला हवा. त्यासाठी आटे पाडणारे टॅप आणि डाय पॅकार्डने स्वतः घडवले. एकूण ५५,५२३ मर्लिन तयार झाली. मस्टँग विमान लांब पल्ल्यावर लढू लागलं ते या इंजिनाच्या जोरावर. नौदलाच्या टॉर्पेडो बोटींत प्रत्येकी तीन पॅकार्ड इंजिनं असत, ती वेगळी.

मग एवढं जमणारी कंपनी दहा वर्षांत संपली कशी?

याचं उत्तर बहुतेक लोक स्टुडबेकरपाशी सुरू करतात. आमच्या मते ते बॉडीपाशी सुरू व्हायला हवं.

१९४१ ची ‘क्लिपर’ आली तेव्हा तिची बॉडी पॅकार्डने स्वतः न बनवता ब्रिग्ज कंपनीकडे दिली, आणि युद्धानंतर सगळ्याच गाड्यांच्या बॉड्या ब्रिग्जकडून येऊ लागल्या. इंजिन, गिअरबॉक्स, चासी आपली, पण गिऱ्हाइकाला जे दिसतं ते दुसऱ्याच्या शेडमधून येणार. १९४८ मध्ये जुन्या क्लिपरवरच पत्रा फुगवून नवी गाडी काढली. लोकांनी तिला ‘गाभण हत्तीण’ म्हटलं. १९४९ च्या मॉडेलला कॅडिलॅककडे नवं व्ही-आठ (चार-चार सिलिंडरच्या दोन तिरक्या रांगांचं) इंजिन आलं. पॅकार्ड मात्र १९५४ पर्यंत एका रांगेतल्या आठ सिलिंडरवर राहिली. ते इंजिन वाईट नव्हतं, उलट अतिशय मऊ चालायचं, पण लांबलचक आणि दिसायला जुनं.

मे १९५२ मध्ये जेम्स नान्स अध्यक्ष झाला. तो घरगुती विजेची उपकरणं विकणाऱ्या हॉटपॉइंटमधून आलेला. रोगाचं निदान त्याने बरोबर केलं : महाग गाडी पुन्हा महाग करा, स्वस्त गाडी क्लिपर नावाने वेगळी काढा. पण ब्रिग्ज कंपनीचा मालक वॉल्टर ब्रिग्ज १९५२ मध्ये वारला, डिसेंबर १९५३ मध्ये क्रायस्लरने ब्रिग्जचे अमेरिकेतले कारखाने विकत घेतले आणि पॅकार्डला कळवलं की चालू करारानंतर बॉड्या मिळणार नाहीत. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे वासे आधी फिरले.

त्याच वेळी फोर्ड आणि शेव्हरोले एकमेकांना पाडायला गाड्या ओतत होत्या, त्यात लहान कंपन्या चिरडल्या. पॅकार्डचं उत्पादन १९५३ च्या सुमारे ९० हजारांवरून १९५४ मध्ये ३१ हजारांवर आलं.

पुढची चूक जास्त महागात पडली. ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डचा कारखाना ३५ लाख चौरस फुटांचा, पण अनेक मजल्यांचा. एकमजली कारखाना आधुनिक या समजुतीने नान्सने कॉनर अव्हेन्यूवरची ब्रिग्जची जुनी शेड भाड्याने घेतली. ती फक्त बॉडीसाठी बांधलेली, जेमतेम साडेसात लाख चौरस फूट. तिच्यात बॉडी आणि संपूर्ण जोडणी दोन्ही कोंबलं. १९५५ च्या मॉडेलला नवं इंजिन, नवं सस्पेन्शन, नवा चेहरा, नवी शेड असं सगळं एकदम आलं. गाड्या उशिरा निघाल्या, दारं नीट बसेनात, विक्रेत्यांच्या अंगणात दुरुस्तीची रांग लागली. मागणी होती, तरी वर्षाला ५५ हजारांच्या आसपासच उत्पादन झालं. तक्रारींची गावभर चर्चा झाल्यावर १९५६ मध्ये ते २९ हजारांखाली गेलं.

स्टुडबेकरने पॅकार्डला बुडवलं का?

कागदावर पॅकार्डने स्टुडबेकर घेतली, १ ऑक्टोबर १९५४ रोजी, शेअर्सच्या अदलाबदलीने. स्टुडबेकर आकाराने मोठी, विक्रेतेही जास्त. बडा घर पोकळ वासा. वर्षाला १ लाख ६५ हजार गाड्या विकल्या की ती ना नफा ना तोटा येते असं सांगितलं होतं. व्यवहार झाल्यावर वह्या तपासल्या तेव्हा तो आकडा २ लाख ८२ हजार निघाला. लग्नाआधी पत्रिका पाहिली, घर पाहिलं नाही. (याच स्टुडबेकरच्या गाड्या हिंदुस्तान मोटर्सने सुरुवातीच्या काळात आपल्याकडे जोडल्या होत्या, म्हणून हे नाव जुन्या माणसांना ओळखीचं वाटतं.)

१९५७ साठी नान्सकडे सगळ्या गाड्यांना एकच सामायिक सांगाडा वापरण्याची योजना तयार होती. विमा कंपन्यांनी कर्ज नाकारलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. डेट्रॉइटमध्ये शेवटची पॅकार्ड २५ जून १९५६ रोजी बनली. ऑगस्टमध्ये कारभार कर्टिस-राइट या विमान कंपनीच्या हाती गेला आणि नान्स बाहेर पडला. पुढे तो फोर्डमध्ये गेला आणि एडसेल या सपशेल फसलेल्या गाडीचा विभाग त्याच्या वाट्याला आला!

मग १९५७-५८ च्या पॅकार्ड खऱ्या की खोट्या?

नाव खरं, गाडी स्टुडबेकर. इंडियानातल्या साउथ बेंडच्या कारखान्यात स्टुडबेकरच्या बॉडीवर पॅकार्डची चिन्हं लावली. १९५७ मध्ये ४,८०९ आणि १९५८ मध्ये २,६२२ निघाल्या. त्यातल्या ५८८ ‘पॅकार्ड हॉक’. संख्या कमी म्हणून आज हॉकला गिऱ्हाईक आहे, पण तिचे सुटे भाग मागताना स्टुडबेकर म्हणूनच मागायचे. १९५८ च्या जुलैत तेही थांबलं. कंपनीच्या नावातला ‘पॅकार्ड’ १९६२ मध्ये गळला आणि स्टुडबेकरची शेवटची गाडी कॅनडातल्या हॅमिल्टनला मार्च १९६६ मध्ये निघाली.

गाडी नेमकी कोणत्या सालची ते कसं ओळखायचं?

पॅकार्ड सालांपेक्षा ‘सिरीज’ मोजत असे. १९३५ ची बारावी, १९३६ ची चौदावी. तेरावी नाहीच. अपशकुन नको म्हणून गाळली. दुष्काळात तेरावा महिना त्यांनाही नको होता. १९४८ ची बाविसावी, १९५१ ची चोविसावी, आणि १९५४ ला मध्येच उडी मारून थेट चौपन्नावी.

युद्धपूर्व गाडीत बॉनेट उघडून इंजिनामागच्या पत्र्यावरची पट्टी पाहा. तिच्यावर गाडीचा क्रमांक असतो, आणि बऱ्याच गाड्यांवर विक्रेत्याचं नाव, शहर आणि विक्रीची तारीखही ठोकलेली असते. ही पट्टी, इंजिनावरचा क्रमांक आणि आरसी बुक असे तिन्ही ताडून पाहा. इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नव्हे, पण किमतीत फरक पडतो. बॉनेटवरच्या पक्ष्याला कुणी पाणकावळा म्हणतं, कुणी पेलिकन. कंपनीने स्वतः दोन्ही नावं वापरली आहेत, भांडू नये.

विकत घेताना काय तपासायचं?

रांगेतलं आठ सिलिंडरचं इंजिन असेल तर आधी पाण्याची नळी. ब्लॉकच्या आत एक लांब पत्र्याची नळी असते, ती मागच्या सिलिंडरपर्यंत थंड पाणी पोचवते. गंजून तिला भोकं पडली की पाणी पुढेच फिरतं, तापमानाचा काटा ठीक दाखवतो आणि मागचे व्हॉल्व्ह जळतात. आपल्या उन्हात हे लवकर होतं. गाडी अर्धा तास चालवून ब्लॉकचं पुढचं आणि मागचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. मागे बरंच जास्त भरलं तर नळी बदलायची आणि ब्लॉकच्या मागच्या भागातला गाळ काढायचा, हे धरूनच भाव करा. पाण्याचा पंप काढल्यावर नळी पुढून ओढता येते, पण रेडिएटर उतरवावा लागतो आणि गंजलेली नळी तुकड्या-तुकड्यांनी येते.

१९४९ नंतरच्या गाडीत अल्ट्रामॅटिक ऑटो गिअर असू शकतो. लहान कंपन्यांत स्वतःचा ऑटो गिअर स्वतः विकसित करणारी पॅकार्ड एकटीच. त्यात ठरावीक वेगानंतर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरकडे पोचवणारा भाग) क्लचने थेट जोडला जातो, पुढे हीच पद्धत सगळ्यांनी घेतली. पण सुरुवातीचा अल्ट्रामॅटिक आपोआप लो मधून उचलत नाही, म्हणून गाडी सिग्नलवर जड उठते. चपळाई हवी म्हणून मालक लो मध्ये उठवून, ॲक्सिलरेटर दाबलेला असतानाच हाताने हाय टाकत. त्याने क्लच प्लेटा जळतात. तपासताना तेल काढून बोटावर चोळा : काळं आणि करपल्या वासाचं असेल तर ओव्हरहॉल ठरलेला. लिव्हरचा क्रमही ध्यानात ठेवा. पार्क, न्यूट्रल, हाय, लो, आणि सगळ्यात शेवटी रिव्हर्स. आजच्या सवयीने हात चुकतो.

१९५५-५६ ची गाडी सगळ्यात हुशार आणि सगळ्यात खर्चिक. ३५२ घन इंचाच्या व्ही-आठला (१९५६ मध्ये ३७४) ऑइल पंपाच्याच बुडाशी वायपरसाठी व्हॅक्यूम पंप जोडलेला आहे. तो झिजला की तेलात हवा शिरते आणि हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे, तेलाच्या दाबावर चालणारे भाग) खडखडतात. लोक टॅपेट बदलत बसतात, दोष खाली असतो. व्हॅक्यूमचा भाग काढून तिथे प्लेट मारा, वायपर विजेवर करा.

सस्पेन्शनला स्प्रिंग नाही. पुढच्या आणि मागच्या चाकाला जोडणारी लांब टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी कांब, प्रत्येक बाजूला आहे. मागे माणसं बसली की सुमारे सात सेकंदांनी विजेची मोटर गाडी समतल करते. रिलेचे संपर्क चिकटले तर मोटर फिरतच राहते, बॅटरी उतरते आणि गाडी एका टोकाला बसते. जॅक लावण्याआधी बॅटरीची वायर काढा. आणि त्या बारला खास अवजाराशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. तिच्यात साठलेला पीळ सुटला तर माणूस जाऊ शकतो.

१९५६ मध्ये विजेच्या छोट्या मोटरने गिअर बदलणारी बटणंही मिळत. उतारावर हँडब्रेक न लावता पार्क दाबलं तर सगळा भार पार्कच्या खुंटीवर येतो आणि त्या मोटरला ती सोडवता येत नाही. आधी हँडब्रेक, मग बटण.

सहा व्होल्टची गाडी सकाळी उचलतच नाही. बारा व्होल्ट करून टाकू का?

घाई नको. १९५४ पर्यंतच्या पॅकार्ड सहा व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक चासीला जोडलेल्या. सहा व्होल्टला दुप्पट करंट लागतो, म्हणून वायरही जाड लागते. बहुतेक तक्रारी कुणीतरी बाजारातली बारा व्होल्टची बारीक बॅटरी केबल लावल्याने आलेल्या असतात. जाड केबल, इंजिन ते चासी स्वतंत्र अर्थ आणि रंग खरवडलेले जोड, एवढ्याने स्टार्टर फिरतो. बॅटरी चार्जर लावताना अर्थ कोणता ते डोळ्यांनी पाहा, रंगावर विसंबू नका.

इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा आणि कॉर्कचे गॅस्केट खराब होतात. पडदा इथेनॉल झेपणारा बसवा आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

महाराष्ट्रात नोंदणीचं काय?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, तो सोडू नका. रोजच्या वापराला किंवा धंद्याला अशी गाडी चालत नाही.

तो जुना कारखाना आणि पहिली गाडी आता कुठे आहे?

कारखाना अनेक दशकं भग्नावस्थेत होता. फोटो काढणारे आणि भंगार चोरणारे दोघांचंही तीर्थक्षेत्र. २०१३ मध्ये लिलावात तो ४ लाख ५ हजार डॉलरला गेला, पण उभा काही राहिला नाही. २०२२ मध्ये पाडकाम सुरू झालं. वॉरनला पॅकार्डचं संग्रहालय आहे. ओहायोतच डेटनला दुसरं आहे, तेही पॅकार्डच्या जुन्या शोरूममध्ये. १८९९ ची पहिली गाडी मात्र पेनसिल्व्हेनियात, लीहाय विद्यापीठाच्या पॅकार्ड प्रयोगशाळेत ठेवलेली आहे. त्या इमारतीसाठी पैसे जेम्स वॉर्डनेच दिले होते.